मेणात

डबीवरची चिठ्ठी: सरजूबाई परदेशी, वय एकसष्ट,
उजवा तळहात, दोन वर्षं, अधूनमधून रक्त.
खाली सर्जनच्या घाईच्या अक्षरात तीन शक्यता,
आणि तिसरीपुढचं प्रश्नचिन्ह इतकं दाबून काढलेलं
की कागदाच्या मागच्या बाजूनं बोटाला लागतं.

तिसरी म्हणजे मेलॅनोमा, रंग हरवलेला.
तो शब्द मी मोठ्यानं वाचत नाही,
लॅबमध्ये तनपुरे आणि मी, दोघंच असलो तरी.
तो पातं बदलतोय. खाली रास्ता पेठेत
कुणीतरी स्कूटरला किक मारतंय, मारतंय.

तुकडा हरभऱ्याएवढा.
लिहितो आम्ही सेंटिमीटरमध्ये,
बोलतो मात्र मंडईच्या भाषेत: हरभरा, वाटाणा, लिंबू.
ही बाई भवानी पेठेत फुटाणे भाजते
हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काच. जांभळं, गुलाबी, नेहमीचं.
आधी लहान भिंग:
वरच्या त्वचेपासून पट्टेच्या पट्टे खाली उतरलेले,
एकमेकांत बोटं गुंतवून,
आणि शेजारच्या पेशींशी हद्द अशी स्पष्ट,
जशी भावाभावांनी मोजणी करून घेतलेली.
मग मोठं भिंग. लहान, चौकोनी, एका मापाच्या पेशी.
दुभंगणाऱ्या शोधल्या. दहा जागा पाहिल्या: एक.
पुन्हा दहा. बहुतेक तीच एक.
मेलॅनोमा इतक्या शिस्तीत राहत नाही,
पण तेवढ्यावर कुणाचा तळहात सोडून देता येत नाही.

कोपऱ्यात दिसली ती.
इवलीशी पोकळी, आतून गुलाबी अस्तर.
मी खुर्चीत मागे टेकले.

नळी. घामाची नळी.
ह्या गाठीला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.
जागोजागी वाटा खणून ठेवल्या होत्या तिनं,
पाणी कुठून आणायचं
ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तरी आणखी दोन रंग लावले.
तरी खांबेटे सरांना फोन केला.
सर निवृत्त झाले, डोळा झाला नाही.
कोथरूडहून आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली,
अर्धा मिनिट पाहिलं.
‘पोरोमा. तळपायावर पाहिलेत मी,
तळहातावर हा पहिलाच. चहा आहे का?’

रिपोर्ट न्यायला ती स्वतः आली.
पदराला धुराचा, तापल्या वाळूचा वास.
‘दुर्मिळ’ हा शब्द मी जरा कौतुकानंच उच्चारला
आणि तिचा चेहरा उतरला.
‘म्हणजे औषध नाही?’
नाही हो. कॅन्सर नाही. काढली, संपलं.
‘मग साधी म्हणा ना.’

मग तिनं सगळं सांगितलं:
आधी कुरूप समजून चुना लावला,
मग नातीनं मेडिकलमधून पट्टी आणली,
झारा धरला की तिथंच टोचायचं,
आणि एकदा फुटाण्यांच्या पाटीत रक्ताचा थेंब पडला
तेव्हा अख्खी पाटी तिनं गटारात ओतली,
कुणाला न सांगता.
‘घामाचीच गाठ म्हणता? बरोबर आहे.
चाळीस वर्षं भट्टीपुढे गेला तेवढा गेला,
थोडा राहिला असेल आत.’

तसं नसतं, असं मी म्हणणार होते.
पुस्तकात कारणापुढे ‘अज्ञात’ लिहिलंय.
मी तिच्याकडे पाहिलं आणि तिच्यापुढे
पुस्तक उघडायचा धीर झाला नाही.

उठताना तिनं विचारलं, ‘तो तुकडा टाकला का?’
नाही. मेणात बंद करून ठेवलाय,
त्या कपाटात. दहा वर्षं ठेवतो आम्ही.
‘मेणात?’
ती कपाटाकडे बघत राहिली, मग खिडकीकडे.
‘आत सरकवा ते.
दुपारचं ऊन तिथवर येत असणार.’

येतं. मला कधी लक्षात आलं नव्हतं.
चार वाजता तनपुरे आणि मी
कपाट हातभर आत ओढलं.